नाव कोणत्या यादीत लागते

खानापूर, जि. बेळगाव

चि. श्रद्धा हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर एका दमात दोन प्रश्न विचारलेस आणि त्यांची उत्तरे फोनवर देण्याजोगी नव्हती, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पहिला प्रश्न व्यवहाराचा होता. कोल्हापूरचा मामा म्हणतो त्याप्रमाणे पुढच्या वर्षी तिकडे नाव नोंदवून महाराष्ट्राकडून ज्युदो खेळावे, की आहे तिथेच कर्नाटकाच्या संघात राहावे? दुसरा प्रश्न तुमच्या वसतिगृहातल्या वादातून आलेला दिसला. ऑलिंपिक, एशियाड, राष्ट्रकुल या स्पर्धा म्हणजे सरकारांच्या मोठेपणाचा आणि कंत्राटदारांच्या पैशाचा कारभार आहे, तर त्यात आपण आपली हाडे का मोडून घ्यावीत, असे तुझ्या मैत्रिणी म्हणतात. मला हे दोन्ही प्रश्न एकाच मुळाचे वाटतात. मैदानात उतरायचे तर माणसाला कोणत्या तरी यादीत नाव लावावे लागते, ती यादी कोण करतो आणि ती कोणाला नाकारता येते, याचा तो प्रश्न आहे. इतकी वर्षे वर्गात समाजशास्त्र शिकवताना या स्पर्धांचा इतिहास मी याच बाजूने वाचत आले आहे.

आपल्याच गावापासून सुरुवात करते. १९२० साली बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक झाले, तेव्हा बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले तिथे मॅरेथॉन धावले आणि सुमारे २ तास ५० मिनिटांत १९वे आले. त्या वर्षीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते आणि ऑलिंपिकमधली ती आजवरची सर्वांत लांब मॅरेथॉन समजली जाते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतीत अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांचे वेग पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात संघ पाठवण्याचा विचार आला. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने परवानगी मिळाली, वर्गण्या जमल्या आणि सहा खेळाडू निवडले गेले. आता यातली गंमत अशी आहे की तेव्हा स्वतंत्र भारत अस्तित्वातच नव्हता. बेळगाव मुंबई इलाख्यात होते, राज्य इंग्रजांचे होते, आणि तरीही चौगुल्यांच्या नावापुढे ‘ग्रेट ब्रिटन’ लागले नाही, ‘इंडिया’ लागले. लोकसभेला, राज्यघटनेला, स्वतःच्या सैन्याला अजून अवकाश होता. शर्यतीच्या यादीत मात्र देश आधी उभा राहिला. त्याच ऑलिंपिकला जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी, बल्गेरिया आणि तुर्कस्तान यांना महायुद्धातील पराभूत म्हणून निमंत्रण नव्हते. म्हणजे ज्यांना स्वतःचे राज्य होते ते बाहेर राहिले आणि ज्यांना नव्हते ते आत आले.

पुढे १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताने पाकिस्तानला १-० असे हरवून हॉकीचे सुवर्णपदक परत मिळवले. त्या संघात बेळगावचे बंडू पाटील होते. गोल राखणारे शंकर लक्ष्मण जन्माने महूचे असले, तरी मराठा लाइट इन्फन्ट्रीचे सैनिक होते, आणि त्या पलटणीचे केंद्र आपल्या बेळगावच्या कँपात आहे हे तुला सांगायला नको. तोपर्यंत बेळगाव म्हैसूर राज्यात गेलेले होते. २०१८ साली जाकार्ताच्या एशियाडमध्ये तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने कुराश या कुस्तीसारख्या खेळात ५२ किलो गटात कांस्यपदक घेतले, तेव्हा राज्याचे नाव कर्नाटक होते आणि जिल्ह्याचे नाव सरकारी कागदावर बेळगावी झालेले होते. माती तीच आणि राज्याचे नाव तीनदा निराळे, असा या तीन खेळाडूंचा हिशेब आहे, आणि तिघांच्याही छातीवर भारताचे नाव होते.

देश म्हणजे काय, या प्रश्नाचे ऑलिंपिकचे उत्तर संयुक्त राष्ट्रांच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे, हे तुझ्या मैत्रिणींना आधी सांग. संयुक्त राष्ट्रांचे सभासद १९३ आहेत आणि आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने मान्य केलेल्या राष्ट्रीय समित्या २०६ आहेत. वरच्या यादीत पोर्तो रिको आहे. तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण ऑलिंपिकमध्ये ते स्वतःच्या नावाने उतरतात, आणि २०१६ साली टेनिसमध्ये मोनिका पुइग हिने त्यांना पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. हाँगकाँग चीनचा भाग असूनही त्याचा संघ वेगळा आहे. तैवानला ‘चायनीज तैपेई’ या नावाने आणि राष्ट्रध्वजाऐवजी समितीच्या निशाणाखाली यावे लागते; ही तडजोड १९८१ साली झाली आणि ती कोणालाच मनापासून आवडत नाही. पॅलेस्टाइनचा संघ १९९६पासून येतो. हा दरवाजा पुढे अरुंद झाला, कारण त्याच सुमारास समितीने नियम बदलून नव्या सभासदासाठी आंतरराष्ट्रीय मान्यता असलेले स्वतंत्र राज्य असण्याची अट घातली. आधी आत आलेले मात्र आत राहिले. या यादीत तत्त्वापेक्षा तडजोड अधिक आहे, आणि मला त्यात फारसे वावगे वाटत नाही. ज्यांचे राजकीय प्रश्न पन्नास वर्षांत सुटत नाहीत, त्यांच्या वीस वर्षांच्या मुलींनी तोवर थांबून राहावे काय?

ही यादी आपल्यालाही एकदा बंद झाली होती. भारतीय ऑलिंपिक संघटनेच्या निवडणुकांतील गैरप्रकारांमुळे डिसेंबर २०१२मध्ये भारताला निलंबित करण्यात आले आणि फेब्रुवारी २०१४मध्ये सोची येथे हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला शिवा केशवन आणि त्याचे सहकारी तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या ध्वजामागून चालले. निलंबन उठले ते स्पर्धा सुरू झाल्यानंतर. शंभर कोटींहून अधिक लोकांचा देश आपल्या खेळाडूच्या हातात ध्वज देऊ शकला नाही, आणि कारण काय, तर पदाधिकाऱ्यांच्या खुर्च्या! या प्रसंगाचा मला आजही राग येतो.

तुझ्या खेळातला एक सामना मात्र मी प्रत्येक वर्गाला सांगते. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये प्रथमच निर्वासितांचा दहा जणांचा संघ उतरवला गेला. त्यात पोपोल मिसेंगा नावाचा ज्युदोपटू होता. तो काँगोचा. यादवीत लहानपणीच घरच्यांपासून तुटलेला. २०१३ साली काँगोच्या संघातून तो जागतिक स्पर्धेसाठी रिओला आला, आणि तिथेच संघ सोडून त्याने ब्राझीलकडे आश्रय मागितला. तीन वर्षांनी त्याच शहरात तो ९० किलो गटात मॅटवर उभा राहिला, तेव्हा त्याच्या मागे ना देश होता, ना राष्ट्रगीत, ना क्रीडा मंत्रालय. त्याच्यासमोर पहिल्या फेरीत कोण होते, ठाऊक आहे? भारताचा अवतार सिंग. आणि मिसेंगा जिंकला. पुढच्या फेरीत दक्षिण कोरियाच्या जगज्जेत्याकडून तो हरला, तोही सहजासहजी नव्हे. आपला खेळाडू हरला याचे मला त्या दिवशी वाईट वाटले, हे लपवीत नाही. परंतु ज्या मॅटवर एवढ्या मोठ्या देशाचा प्रतिनिधी आणि कुठल्याच देशाचा नसलेला माणूस एकाच वजनगटात, एकाच पंचासमोर, एकाच नियमाने झुंजतात, तशी जागा मला जगात दुसरीकडे दिसलेली नाही. न्यायालयात दोघांचे वकील सारखे नसतात आणि विमानतळावर दोघांचे पासपोर्ट सारखे नसतात. तुझ्या मैत्रिणी म्हणतात तो पैशाचा आणि मोठेपणाचा बाजार या जागेभोवती भरलेला आहे, हे खरे. म्हणून ती जागा खोटी ठरते असे मी मानत नाही.

जगात शांतता नांदावी म्हणून या स्पर्धा असतात, हे भाषणांतले वाक्य मात्र तू फार मनावर घेऊ नकोस. १९३६ साली बर्लिनमध्ये ऑलिंपिक झाले आणि तीन वर्षांत महायुद्ध पेटले. १९७२ साली म्युनिकमध्ये इस्रायलच्या ११ जणांचा बळी गेला. १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकवर अमेरिकेने आणि तिच्या मित्रांनी अफगाणिस्तानच्या कारणावरून बहिष्कार टाकला, तरी सोव्हिएत फौजा तिथे १९८९पर्यंत राहिल्याच. त्या बहिष्कारामुळे पुरुष हॉकीत सहाच संघ उरले आणि आपल्याला सुवर्णपदक मिळाले. तेव्हापासून आजवर हॉकीतले सुवर्ण पुन्हा आलेले नाही. चार वर्षांनी सोव्हिएत गटाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार टाकला आणि पी. टी. उषा ४०० मीटर अडथळा शर्यतीत सेकंदाच्या शंभराव्या भागाने चौथी आली. या बहिष्कारांनी कोणत्याही सरकारचे काही बिघडले नाही. गेली ती खेळाडूंची वर्षे, आणि ती परत कोणी देत नाही.

एक बहिष्कार मी याला अपवाद मानते. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिण आफ्रिकेला १९६४पासून ऑलिंपिकबाहेर ठेवण्यात आले आणि १९९२ साली बार्सिलोनात परत घेण्यात आले. त्या देशाने काळ्या खेळाडूंना स्वतःच्याच यादीतून वगळले होते, म्हणून जगाने त्याला आपल्या यादीतून वगळले. गुन्हा आणि शिक्षा एकाच मापाची होती. १९७६ साली न्यूझीलंडचा रग्बी संघ त्या देशाच्या दौऱ्यावर गेला, म्हणून वीसहून अधिक देश, त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले, माँट्रियल सोडून गेले. रग्बी तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हता, तरी हे घडले. त्यांच्या धावपटूंचेही त्यात नुकसान झाले, हे मला मान्य आहे, पण त्या नुकसानीचा निदान काही हिशेब लागतो.

आशियाई स्पर्धांची कथा याहून आपल्या जवळची आहे. पहिली स्पर्धा १९५१ साली दिल्लीत ११ देशांची झाली आणि तिच्यामागे गुरुदत्त सोंधी या भारतीय माणसाचे कष्ट होते. १९६२ साली जाकार्ताच्या यजमानांनी इस्रायल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेशपत्रेच दिली नाहीत. यजमानाने पाहुणे निवडायचे नसतात, असा आग्रह सोंधींनी धरला, तेव्हा तिथल्या जमावाने भारतीय वकिलातीवर हल्ला केला, आणि आपल्या फुटबॉल संघाने अंतिम सामना अख्ख्या स्टेडियमच्या हुर्योत खेळून जिंकला. ऑलिंपिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केल्यावर सुकार्नो यांनी पुढच्याच वर्षी ‘नव्या उदयोन्मुख शक्तीं’च्या स्वतंत्र स्पर्धा भरवल्या. त्या फार काळ टिकल्या नाहीत. सोंधींचे म्हणणे मात्र टिकले, आणि आज अशा कुठल्याही स्पर्धेचे यजमानपद घेताना सर्वांना येऊ देण्याची हमी आधी द्यावी लागते.

एशियाडचे मला आणखी एका कारणाने महत्त्व वाटते. तिथे आशियातले घरचे खेळ आले. कबड्डी १९९०पासून आली, आणि मूळचा उझबेकिस्तानचा कुराश २०१८ साली आला म्हणून तुरमुरीच्या शेतकऱ्याच्या मुलीला पदकाची वाट मिळाली. पण आपला खेळ जगाच्या यादीत घातला की तो आपला राहत नाही, हेही त्याच २०१८ साली दिसले. कबड्डीत इराणने आपल्या पुरुषांना उपान्त्य फेरीत आणि महिलांना अंतिम सामन्यात हरवले. त्या दिवशी गावातल्या कट्ट्यांवर जी हळहळ झाली ती तुला आठवत असेल. जपानने हे आधीच सोसले आहे. १९६४ साली टोकियोत यजमानांच्या आग्रहाने ज्युदो ऑलिंपिकमध्ये आला आणि खुल्या गटाच्या अंतिम लढतीत नेदरलँड्सच्या आंतोन गेसिंकने त्यांच्या कामिनागाला त्यांच्याच घरात धरून ठेवले. डच पाठीराखे आनंदाने मॅटकडे धावले, तेव्हा गेसिंकने हात उंचावून त्यांना थांबवले आणि आधी रीतीप्रमाणे प्रतिस्पर्ध्याला नमस्कार केला. जपानच्या अभिमानाला त्या दिवशी तडा गेला असेल, पण ज्युदो जगाचा झाला तो त्याच दिवशी. तुझ्या क्लबात रोज वाकून होणाऱ्या नमस्काराला हा इतिहास आहे.

त्या १९६४च्या ज्युदोत मुलींना जागा नव्हती, हेही लक्षात ठेव. ती १९८८ साली प्रदर्शनापुरती आणि १९९२ साली पदकांसह मिळाली. महिलांची कुस्ती तर २००४ साली आली. त्याच्या कितीतरी आधी, १९२२ साली, फ्रान्सच्या आलिस मिल्या यांनी बायकांना धावू देत नाहीत म्हणून पॅरिसमध्ये बायकांच्या वेगळ्या जागतिक स्पर्धाच भरवल्या, आणि ते पाहून सहा वर्षांनी ऑलिंपिकने मैदानी शर्यतींचा दरवाजा किलकिला केला. यादीत घेत नसतील तर दुसरी यादी करून दाखवायची, हा बाईचा खाक्या मला फार आवडतो.

पैशाविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्या बाबतीत तुझ्या मैत्रिणींचे बरेच बरोबर आहे. माँट्रियलने १९७६च्या खेळांचे कर्ज २००६ साली फेडून संपवले. २०२६च्या राष्ट्रकुल स्पर्धा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने खर्च झेपत नाही म्हणून २०२३ साली सोडून दिल्या आणि ग्लासगोने त्या दहाच खेळांवर आणून घेतल्या. त्यात कुस्ती, हॉकी, बॅडमिंटन आणि नेमबाजी गेली. ज्युदो राहिला, एवढे तुझे नशीब. २०३०च्या स्पर्धा अहमदाबादला होणार आहेत. त्यांचे कर्ज माँट्रियलसारखे तीस वर्षे फेडावे लागू नये, एवढीच माझी अपेक्षा आहे. दुसऱ्या बाजूने हेही पाहा, की १९५२ साली खाशाबा जाधवांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या खर्डेकर प्राचार्यांनी स्वतःचे घर गहाण ठेवले होते. यादीत नाव असूनही तिकिटाला पैसे नसणे, ही अवस्था आपल्या भागाने पाहिलेली आहे.

जाता जाता एक गोष्ट सांगते. २०१४च्या जानेवारीत, आपल्याकडून चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात, पोर्तुगीज भाषिकांच्या स्पर्धा झाल्या. ब्राझील, अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, मकाव, पूर्व तिमोर या ठिकाणचे खेळाडू पणजी-मडगावकडे आले आणि गोव्याच्या इतिहासामुळे भारतालाही त्यात जागा मिळाली. भाषेच्या नात्यावर उभी राहिलेली स्पर्धा इतक्या जवळ पाहून आपल्या सीमाभागातल्या माणसाच्या मनात काय आले असेल, ते मी लिहिण्याची गरज नाही.

आता तुझा पहिला प्रश्न. तुझ्या आजोबांनी सीमालढ्यात तुरुंग पाहिला आहे, आणि नातीच्या पाठीवर महाराष्ट्राचे नाव दिसले तर त्यांना किती आनंद होईल हे मला पुरेपूर कळते. घरात मराठी, शाळेत मराठी आणि संघाच्या बसमध्ये कन्नड, ही तुझी रोजची कसरतही मी पाहते. तरीसुद्धा माझे मत असे आहे, की बेळगाव कोणाचे हा प्रश्न मतपेटीचा आणि सर्वोच्च न्यायालयातल्या दाव्याचा आहे. तो तुझ्या ५७ किलोच्या गटात सुटणार नाही आणि अडणारही नाही. चौगुले, पाटील आणि मलप्रभा यांच्यापैकी कोणीही आपल्या गावाचे राज्य कोणते असावे ते ठरवले नव्हते. राज्याचे नाव ही राष्ट्रीय निवडीपर्यंत पोचवणारी एक पायरी आहे, आणि ती पायरी जिथे भक्कम आहे तिथून चढावे. तुझे सर गेली पाच वर्षे तुझी पकड घडवीत आहेत, वसतिगृहात मॅट, आहार आणि सरावाला तोडीच्या मुली आहेत. कोल्हापुरात याहून चांगले मिळणार असेल तर अवश्य जा, मी आडवी येणार नाही. पण केवळ भावनेसाठी जायचे असेल, किंवा इथल्या कोणी भाषेवरून टोमणा मारला म्हणून जायचे असेल, तर थांब.

मामाला मी इतक्यात उत्तर देत नाही. त्याआधी तुझ्या सरांना विचारून मला एवढे कळव: नोंदणी बदलायची झाल्यास इथल्या संघटनेचा ना-हरकत दाखला लागतो का, आणि तो मिळेपर्यंत किती महिने स्पर्धेबाहेर बसावे लागते. त्याचबरोबर दोन्ही राज्यांत तुझ्या वजनगटात सध्या पहिल्या तीन मुली कोण आहेत, त्यांच्यापैकी कोणाशी तुझी लढत झाली आहे आणि ती कशी सुटली, तेही लिही. आजोबांशी मी बोलते; त्यांना अवतार सिंग आणि मिसेंगाची लढत अजून सांगितलेली नाही.

वजन उतरवण्यासाठी उपाशी राहू नकोस. पुढच्या आठवड्यात गावचा एक मुलगा धारवाडला येणार आहे, त्याच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू आणि नाचणीचे पीठ पाठवते.

तुझी,
आई